घरात एकूण किती जण?

जनगणनेचं काम अंगावर पडलेले शिक्षक दारात उभं राहून विचारतात, "घरात एकूण किती जण?" आपण म्हणतो, चार. नावं, वयं, शिक्षण लिहून घेऊन ते शेजारची बेल दाबतात. खोटं कुणीच बोललेलं नसतं. पण तेवढ्या वेळात दाराच्या चौकटीतून मुंग्यांची रांग चाललेली असते, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे पाल दबा धरून असते, माळ्यावरच्या जुन्या दिवाळी अंकांत कसर फिरत असते आणि ओट्यावर झाकून ठेवलेल्या पातेल्यात अब्जावधी जीव दुधाचं दही करण्यात गुंतलेले असतात. यांच्यासाठी फॉर्मवर रकाना नाही.

समजा असता, तर आकडा कितीवर गेला असता?

असा खटाटोप एकदा खरोखरच झाला आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या रॅली शहरात कीटकतज्ज्ञांनी ५० घरं निवडली आणि पलंगांखाली, पडद्यांमागे, खिडक्यांच्या खाचांत, कोपऱ्याकोपऱ्यात जे जे सापडलं ते गोळा केलं. १०,००० हून जास्त नमुने निघाले. २०१६ साली हिशेब मांडला तेव्हा एकेका घरात सरासरी सुमारे १०० प्रकारचे जीव भरले. आणि हे फक्त सांधेदार पायांचे बरं का! कीटक, कोळी, गोमी आणि त्यांचे भाऊबंद. पाली, पक्षी, बुरशी, जिवाणू यांना त्या मोजणीत जागाच नव्हती. त्यातही झुरळं-ढेकणांसारखी बदनाम मंडळी थोडीच; बहुतेक जण माणसाच्या वाटेला न जाता आपापलं पोट भरत होते. आपल्याकडे पावसाळ्यात दिवे लागले की खिडकीतून काय काय आत येतं ते आठवा, आणि आपल्या घराचा आकडा तुम्हीच ठरवा.

त्यातली एकटी कसर घ्या. पुस्तक उघडलं की पानांमधून चंदेरी अंग वळवत सरकते आणि आपण ती झटकून टाकतो. पण तिचं घराणं बाकीच्या कीटकांपासून कधी वेगळं झालं? कीटकांना पंख फुटण्याच्याही आधी! माशी, डास, चतुर, फुलपाखरू ही सगळी नंतरची मंडळी. कसरीच्या पूर्वजांना पंख कधी नव्हतेच. डायनासोर आले आणि गेले, त्याच्या कितीतरी आधीपासून ही बिनपंखांची चाललीय, आणि वयात आल्यावरही मरेपर्यंत कात टाकत राहते, जे बहुतेक कीटकांना जमत नाही. आता ती तुमचा १९८० सालचा दिवाळी अंक खातेय.

चला, स्वयंपाकघरात जाऊ. रविवारच्या कांदेपोह्यांची बशी समोर धरा आणि तिच्यातल्या जाती मोजा. धान, कांदा, शेंगदाणा, मोहरी, हिंग, हळद, मिरची, कढीपत्ता, लिंबू, नारळ, कोथिंबीर आणि चिमूटभर साखरेपुरता ऊस. डझन भरली. सोबतचा चहा, त्यातलं आलं आणि दूध देणारी म्हैस धरली की पंधरा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरची मेक्सिकोकडची, हिंग इराण-अफगाणिस्तानच्या कोरड्या डोंगरांतला, ऊस न्यू गिनीचा. यातली सगळ्यात बारीक वस्तू उचलू या. मोहरी.

फोडणीत तडतडली की मोहरी खमंग लागते. तीच मोहरी लोणच्यासाठी पाणी घालून फेसली की असा झणका उठतो की नाकातून मेंदूत जातो आणि डोळ्यांना धारा लागतात. दाणा तोच, डबा तोच. मग झणका आला कुठून? खरी गंमत ही की तो दाण्यात नसतोच! दाण्यात असतात त्याचे दोन निरुपद्रवी भाग. एका प्रकारच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाचं रसायन, आणि त्यांच्याजवळच पण वेगळ्या पेशींत मायरोसिनेज नावाचं विकर. दोघं कायम अलग ठेवलेले. कुणी दाणा चावला, पान कुरतडलं की पेशी फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काही क्षणांत तिखट तेल तयार होतं. झाडाची ही संरक्षणव्यवस्था आहे. मोहरी फेसताना आपण नेमकं तेच करतो: रगडून पेशी फोडतो आणि पाणी घालून दोघांना एकत्र आणतो. कडकडीत तेलात मात्र विकर क्षणात निकामी होतं, म्हणून फोडणीतली मोहरी गरीब. आपल्या आज्यांना हे सगळं रसायन हाताने ठाऊक होतं, फक्त नावं माहीत नव्हती.

पण गोष्ट इथे संपत नाही. कोबीच्या गड्ड्यावर राखाडी, मेणचट मावा बसलेला तुम्ही भाजी निवडताना पाहिला असेल. कोबी मोहरीच्याच कुळातला, त्याच्याकडेही तीच दोन भागांची युक्ती. मावा आपली सोंड अलगद रसवाहिनीत खुपसतो, पेशी फारशा न फोडता रस ओढतो आणि त्यातलं ग्लुकोसिनोलेट स्वतःच्या अंगात साठवतो. बरं, विकराचं काय? ते तो स्वतः तयार करतो आणि स्नायूंत वेगळं ठेवतो! म्हणजे झाडाचं हत्यार, त्याच्या मांडणीसकट, या टिचभर किड्याने उचललं. ढालकिड्याने त्याला चावलं की त्याच्या तोंडात मोहरी फेसली जाते.

मिरचीची तऱ्हा निराळी. तिचं तिखट आपल्या जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवतं, म्हणून मिरचीने तोंड 'भाजतं'. खरं तर काहीच गरम झालेलं नसतं. मिरचीतल्या कॅप्सेसिनचाच माग काढत डेव्हिड ज्युलियस यांनी हा ग्राही शोधला आणि २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. पक्ष्यांमध्येही तोच ग्राही आहे, पण त्याची घडण थोडी वेगळी असल्याने कॅप्सेसिन त्याला चेतवू शकत नाही. पोपट मिरची काकडीच्या चवीने खातो ते या कारणाने. सस्तन प्राणी बी दाढेखाली चिरडतात. रानमिरची टिपणारे छोटे पक्षी ती सबंध गिळतात आणि दूर नेऊन टाकतात. कुणाला हाकलायचं आणि कुणाला बोलवायचं, हे मिरचीच्या एका रेणूने ठरवून टाकलंय. आणि ज्यांना हाकलायचं होतं त्यांनीच तिचा ठेचा केला.

गोड्या मसाल्यातलं दगडफूल ओलांडून पुढे जाववत नाही. ते फूल नाही आणि दगडही नाही. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे: घर बुरशीचं, स्वयंपाक शैवालाचा. २००५ साली दगडफुलाचे दोन नातलग उपग्रहातून अंतराळात नेऊन दोन आठवडे उघड्यावर ठेवले. हवा नाही, सूर्याची जळजळीत अतिनील किरणं थेट अंगावर. परत आणल्यावर दोघेही जिवंत! तुमच्या आमटीच्या वासाला ज्यांनी हातभार लावला, त्यांच्या भाऊबंदांनी अवकाशप्रवास केलाय.

आता भिंतीकडे बघा. पाल दिसली की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात, किंकाळी किंवा झाडू. ती विषारी नसते, हे आधी सांगून टाकलेलं बरं. मनात शंकेची पाल चुकचुकते ती वेगळी. भिंतीवरची चुकचुकते ती दुसऱ्या पालीला आपली हद्द सांगायला. बहुतेक सरडे मुके असताना पालीने आवाज कमावला, हेही विशेषच. पण विचारण्यासारखा प्रश्न दुसराच आहे. छताला उलटी राहते कशी?

ॲरिस्टॉटलच्या लिखाणातही पालीच्या या उलटं चालण्याचा उल्लेख आहे. म्हणजे कोडं तेवीसशे वर्षं जुनं. तळपायाला चिकट स्राव असेल? तशा ग्रंथीच नाहीत. हवा ओढून धरत असेल? हवा काढून घेतलेल्या भांड्यातही तिचा पाय चिकटून राहतो. पाल काचेवर चढली की आतल्या बाजूने तिचा तळपाय बघा. बोटांच्या खाली आडव्या पट्ट्या दिसतील. त्या पट्ट्यांवर लाखो सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. एकेक फाटा इतका बारीक की त्याची रुंदी आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या तीनशेव्या हिश्शाच्या आसपास भरेल.

एवढा बारकावा कशासाठी? कारण कुठलेही दोन रेणू अगदी जवळ आले की एकमेकांना किंचित ओढतात. या ओढीला व्हॅन डर वाल्स या डच शास्त्रज्ञाचं नाव मिळालंय. तुमचा तळहात भिंतीला टेकतो तेव्हाही ती ओढ असते, पण हात आणि भिंत दोन्ही खडबडीत. रेणूंच्या पातळीवर खरा स्पर्श मोजक्याच ठिकाणी होतो. पालीचे ते फाटे मात्र भिंतीच्या खाचाखोचांत इतके आत शिरतात की ओढीची बेरीज होत जाते. २००० साली केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालीच्या पायाचा एकच केस सुटा करून त्याची ताकद मोजली. ती पाल आपल्या ईशान्य भारतातही आढळणाऱ्या टोके जातीची. तिचे सगळे केस एका वेळी नीट टेकले, तर सुमारे १३० किलो वजन पेलतील असा हिशेब निघाला. पालीचं वजन किती? पावशेराच्या आसपास!

मग खरी पंचाईत चिकटण्याची नाहीच. सुटायचं कसं? उत्तर आहे कोन. केस भिंतीशी साधारण ३० अंशांपेक्षा जास्त उभा झाला की पकड आपोआप सुटते. म्हणून पाल पाऊल उचलताना बोटं टोकाकडून वर, उलटी वळवते. हे सगळं एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागातच उरकतं, आणि तुमचा झाडू येईपर्यंत ती घड्याळामागे पोचलेली असते. एका पृष्ठभागापुढे मात्र तिचं काही चालत नाही: कोरडं टेफ्लॉन. नॉन-स्टिक तव्यावर पालही घसरते. आणि हो, तिला पापण्या नाहीत. डोळ्यावर धूळ बसली की जीभ बाहेर काढून डोळा पुसते. कधी निवांत असाल तर बघत राहा, दिसेल.

माझा खरा लाडका भिंतीवरचा दुसरा रहिवासी आहे. जाळं न विणणारा, करड्या रंगाचा, तुरीच्या दाण्याएवढा कोळी, जो चालता चालता टुणकन उडी मारतो. आपण त्याच्याकडे बघितलं तर तो वळून आपल्याकडे बघतो. अक्षरशः बघतो! एकदा तो लॅपटॉपच्या पडद्यावर आला. मी माऊस हलवला, तशी त्याने बाणाच्या दिशेने मान वळवावी तसं अख्खं अंग वळवलं. बाण थांबला, तोही थांबला. बाण हळूच सरकला, तर दबकत दोन पावलं पुढे. मग झेप! पडद्यावरून घसरला, सावरला, पुन्हा बाणासमोर येऊन बसला. काम राहिलं बाजूला.

त्याला आठ डोळे. सहा डोळे आजूबाजूची हालचाल टिपतात; जवळजवळ डोक्यामागचंही त्यांना दिसतं. समोरचे दोन टपोरे डोळे बारकाईने बघण्यासाठी. त्यांची भिंगं कवचात पक्की बसवलेली, त्यामुळे डोळा फिरवता येत नाही. मग तो नजर कशी फिरवतो? भिंगामागे डोक्याच्या आत एक लांब नळी, नळीच्या टोकाला दृष्टिपटल, आणि ती नळीच स्नायूंनी हलते! शिवाय ते दृष्टिपटल एकाखाली एक अशा चार थरांचं. चार कशाला? २०१२ साली जपानी संशोधकांनी घराघरांत आढळणाऱ्या अशाच एका कोळ्यावर प्रयोग करून याचा उलगडा केला. हिरव्या प्रकाशाची प्रतिमा सगळ्यात खालच्या थरावर स्पष्ट पडते आणि त्याच्या वरच्या थरावर धूसर. भक्ष्य जितकं जवळ तितकी धूसरता वेगळी. दोन प्रतिमांतल्या फरकावरून कोळी अंतर काढतो. पडताळा काय? हिरव्या उजेडात त्याची उडी अचूक पडली. फक्त लाल उजेड ठेवला तर दर वेळी उडी भक्ष्याच्या अलीकडेच पडू लागली. खसखशीएवढ्या मेंदूत हा हिशेब, तोही उडी मारायच्या आधी.

आणि उडी? एवढ्या ताकदीने पाय सरळ करायचे तर स्नायू हवेत. पण कोळ्याच्या पायांच्या मुख्य सांध्यांत पाय दुमडणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीतच. जेसीबीचा हात जसा तेलाच्या दाबाने लांब होतो, तसा कोळी अंगातल्या द्रवाचा दाब वाढवून पाय झटक्यात ताठ करतो. मेलेला कोळी नेहमी पाय पोटाशी घेऊन पडलेला का असतो, हे यावरून कळेल. दाब गेला, आता पाय उघडणार कशाने? उडी मारण्याआधी तो मागे रेशमाचा धागा चिकटवून ठेवतो, म्हणजे नेम चुकला तरी लटकून परत येता येतं.

याच कुळातल्या एका जातीची पिल्लं रात्री धाग्याला लोंबकळून झोपतात. अंग पारदर्शक असल्याने डोक्यातल्या त्या नळ्या बाहेरून दिसतात. २०२२ साली जर्मनीत संशोधकांनी रात्रभर कॅमेरा लावून ठेवला. ठरावीक अंतराने नळ्या भराभरा हलायच्या, त्याच वेळी पाय थरथरायचे. माणूस स्वप्नं बघतो त्या झोपेत डोळे असेच हलतात. कोळ्याला स्वप्न पडतं असं कुणी म्हणत नाहीये. पण पडत असेल तर त्यात काय दिसत असेल? माशी?

चिमणीला मात्र धावता नमस्कार. तिचं माणसाशी नातं शेतीइतकं जुनं. तिची एक उपजात मध्य आशियात माणसापासून लांब राहते, रानगवताच्या बियांवर जगते आणि थंडीत भारतीय उपखंडाकडे उतरते. २०१८ साली घरच्या आणि या रानच्या चिमणीचे जनुक ताडून पाहिले. घरच्या चिमणीत दोन ठिकाणी ठळक बदल दिसले: एक कवटीच्या घडणीशी जोडलेला, दुसरा पिष्टमय अन्न पचवण्याशी. आणि हा दुसरा बदल ज्या जनुकाच्या कुळात झालाय, त्याच कुळात बदल झालेले आणखी दोन प्राणी आपल्या माहितीतले आहेत. कुत्रा आणि माणूस. एकाच खळ्यावर तिघांची पोटं घडली.

आता जरा खाली उतरू. जुन्या वाड्यापाशी किंवा दत्ताच्या देवळापाशी उंबर असतोच. खोडालाच घोसांनी फळं लगडलेली. फळं एवढी, मग फुलं कुठायत? फार दिवसांनी भेटणाऱ्याला आपण 'अगदी उंबराचं फूल झालास' म्हणतो. पण एक कच्चा उंबर मधोमध कापून बघा. आत रवाळ, गच्च भरलेलं जे दिसतं, तीच फुलं. एका फळात हजारो! हा फुलोरा आतल्या बाजूला उमलतो, म्हणून कुणाला दिसत नाही.

दिसत नाही, तर पराग पोचवणार कोण? फळाच्या टोकाला खवल्यांनी बंद केलेलं इवलं छिद्र असतं. फुलं तयार झाली की झाड एक विशिष्ट गंध सोडतं आणि तो माग धरून एक कुंभारमाशीच्या दूरच्या नात्यातली, जेमतेम दोन मिलिमीटरची मादी येते. उंबराची अशी ठरलेली एकच जात. तिचं आयुष्य एखाद-दुसऱ्या दिवसाचं. ती त्या छिद्रातून अंग रेटत आत घुसते. वाट इतकी अरुंद की पंख तुटून बाहेरच राहतात. परतीची वाट बंद. आतल्या काळोखात ती काही फुलांत अंडी घालते, बरोबर आणलेले पराग फुलांना लावते आणि तिथेच मरते.

काही आठवड्यांनी त्या फुलांतून पुढची पिढी तयार होते. आधी नर बाहेर येतात: बिनपंखांचे, जवळपास आंधळे. अजून फुलांच्या कोशात कोंडलेल्या माद्यांशी कोशाला भोक पाडून संग करतात, मग सगळे मिळून फळाच्या भिंतीतून बोगदा खणतात. बोगदा झाला की त्यांचं काम संपलं. बाहेरचं जग बघण्यासाठी त्यांना पंख मिळालेलेच नाहीत. तोवर आतली नरफुलं पिकतात. नेमकी आत्ता, आधी नाही! माद्या कोशाबाहेर पडतात, छातीवरच्या खास कप्प्यांत पराग भरतात, भावांनी खणलेल्या बोगद्यातून बाहेर निघतात आणि दुसऱ्या उंबराच्या शोधात वाऱ्यावर झोकून देतात. आफ्रिकेतल्या एका उंबरवर्गी झाडाची अशीच माशी वाऱ्यावर १६० किलोमीटरपर्यंत जाते, असं जनुकीय चाचण्यांतून दिसलंय. पुणे ते मुंबई, दोन मिलिमीटरच्या जिवाने, एका दिवसाच्या आयुष्यात. ही देवाणघेवाण सात कोटी वर्षांहून जुनी आहे.

अर्थात जिथे घर बांधलंय तिथे घुसखोर आलेच. आणखी एक परोपजीवी माशी फळात शिरत नाही. ती बाहेर बसून केसाहून बारीक नळी फळाच्या सालीतून आरपार खुपसते आणि आतल्या अळ्यांच्या अंगाशी स्वतःची अंडी पोचवते. कच्च्या उंबराची साल किती टणक असते, नखाने टोकरून बघा. मग ही नळी वाकत नाही, मोडत नाही, ते कसं? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. टोकाला करवतीसारखे दाते, आणि त्या दात्यांत चक्क जस्त! किड्याने आपल्या गिरमिटाला धातूचं टोक लावून घेतलंय.

पिकलेला उंबर फोडला की भुर्रकन केंबरं उडतात हे खेड्यापाड्यांत सगळ्यांना माहीत होतं. फक्त त्या केंबरांनी फळ नासवलं, असं समजलं गेलं. केंबरं नसती तर बी धरलंच नसतं. तांबट, हरियाल, वटवाघळं, सगळी उपाशी. (शाकाहारी वाचकांनी घाबरू नये. पुरंदरच्या बागेतलं अंजीर माशीच्या मदतीशिवायच पिकतं.)

घरी येऊन विरजण लावू. कोमट दुधात चमचाभर दही, सकाळी पातेलंभर. रात्रीतून जिवाणूंनी दुधातल्या साखरेचं आम्ल केलं आणि आम्लाने दुधातली प्रथिनं गुंफून घट्ट जाळं झालं. घरोघरच्या दह्यात मंडळी वेगवेगळी, पण त्यातलं एक ओळखीचं नाव स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. या साध्या जिवाणूने जीवशास्त्राला मोठा धक्का दिला.

झालं असं. जिवाणूंनाही विषाणू छळतात, आणि दही-चीजच्या कारखान्यात विषाणू शिरला की अख्खी टाकी वाया. दोन संशोधकांनी, रोडॉल्फ बरांगू आणि फिलिप होर्व्हाथ यांनी, हल्ल्यातून बचावलेले जिवाणू तपासले. त्यांच्या डीएनएमध्ये हल्लेखोर विषाणूच्या डीएनएचे तुकडे ओळीने खोचून ठेवलेले होते! तोच विषाणू पुन्हा आला की जिवाणू तुकडा ताडून बघतो, जुळला की विषाणूचा डीएनए कापून टाकतो. तुकडे काढून टाकले तर प्रतिकारही गेला. म्हणजे मेंदू नाही, रक्त नाही, एका पेशीचा जीव; पण शत्रूची ओळख वहीत टिपून ठेवतो आणि वही पोराबाळांना देऊन जातो. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. जिवाणूंच्या याच कापाकापीच्या यंत्रणेवरून जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी हवा तो जनुक कापण्याचं तंत्र घडवलं. त्याचं नाव क्रिस्पर, त्याला २०२० सालचं नोबेल. २०२३ साली ब्रिटनने त्यावर आधारलेल्या सिकलसेलच्या उपचाराला मान्यता दिली. विदर्भात, नंदुरबारकडे घराघरांत छळणारा तोच सिकलसेल. उपचाराची किंमत आज त्या घरांच्या स्वप्नातही मावणार नाही, हे वेगळं दुःख. पण धागा पकडा: तो दह्याच्या पातेल्यापर्यंत येतो.

राहिला शेवटचा पत्ता. तो सगळ्यात जवळचा आहे. १८४२ साली बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ गुस्ताव सिमोन यांना माणसाच्या चेहऱ्यावरच्या केसांच्या मुळाशी लांबट, आठ आखूड पायांचा किडा दिसला. डेमोडेक्स. लांबी मिलिमीटरच्या एक तृतीयांशाइतकी. दूरची नाती जोडायची तर हा गोचिडाचा भाऊ. कुणाच्या चेहऱ्यावर असतो? २०१४ साली अमेरिकेत प्रौढांच्या चेहऱ्यावरचे नमुने तपासले, तर अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाच्या नमुन्यात त्याचा डीएनए सापडला. प्रत्येकाच्या! उठून तोंड धुऊन यायची गरज नाही, फरक पडत नाही.

दिवसा तो केसाच्या मुळाशी डोकं खाली करून पडून राहतो; आपण झोपलो की वर येतो, जोडीदार शोधतो आणि तिथेच, नाकाच्या आसपास, लग्न लागतं. २०२२ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला तेव्हा आणखी नवलं निघाली. निवांत, बिनशत्रूच्या जागी राहून त्याने एकेक जनुक टाकून दिलाय. त्याचे पाय प्रत्येकी तीन स्नायूंवर चालतात, आणि तो प्रत्येक स्नायू एका पेशीचा. रात्र झाली हे कळण्यासाठी लागणारं मेलाटोनिन तो स्वतः बनवत नाही. संध्याकाळी आपल्या त्वचेत जे तयार होतं तेच वापरतो. वर्षानुवर्षं असं समजलं जायचं की त्याला गुदद्वार नाही, सगळी घाण आयुष्यभर साठवतो आणि मेल्यावर आपल्या चेहऱ्यावर सोडतो. त्यावरून त्वचेच्या कित्येक तक्रारींचं खापरही त्याच्यावर फुटलं. याच अभ्यासात त्याला गुदद्वार आहे हे पक्कं झालं.

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ही वस्ती नसते. ती येते जवळच्या स्पर्शातून, बहुधा अंगावर पिताना, आईकडून. आईकडे आजीकडून. तेव्हा पुढच्या वेळी बाळंतविड्याला जमलेल्या बायका 'नाक अगदी आईवर गेलंय हो' म्हणाल्या, तर नाकावरचे भाडेकरूही तिच्याकडूनच आलेत.